भाकरीखालची नावं

"किती वाजले, बाई?" असं कुणी विचारलं, तर बाईंचं पहिलं उत्तर ठरलेलं असे : "काहून पाहिजे?"

त्यांच्या मनगटावर घड्याळ असायचं. समोरच्या भिंतीवरही असायचं. पण विचारणाऱ्यानं कारण सांगितल्याशिवाय बाई वेळसुद्धा द्यायच्या नाहीत. "उमरेडची बस पकडायची आहे" म्हटलं की वेळ मिळे, वर "मग पळ, आज लवकर सुटते ते" असा सल्लाही फुकट. नुसतं "असंच" म्हटलं की बाई मान खाली घालून पुन्हा की-बोर्ड बडवायला लागत. "असंच" या शब्दावर त्यांचा जन्माचा राग होता. "असंच विचारणाऱ्याले काही द्यायचं नाही," त्या म्हणत. "जगातला हरेक चोर पहिल्यांदा असंचच विचारते."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नागपुरात छातीच्या रोगांचा आमचा एक धर्मादाय दवाखाना होता. कुणा दात्यानं त्याला एक कॉम्प्युटर दिला, आणि तो चालवायला बाई आल्या. त्याआधी त्या एका मोठ्या कचेरीत पंचकार्डांना भोकं पाडण्याच्या खोलीत होत्या. तिथल्या साहेबाला हाताखालच्या एका कारकूनबाईच्या आजारपणाची माहिती 'असंच' पाहिजे होती. बाईंनी विचारलं, "काहून पाहिजे?" आणि तिथलं त्यांचं अन्नपाणी संपलं. हा किस्सा त्या रडत नव्हे, मिरवत सांगायच्या.

नम्रपणा नावाला नव्हता बाईंच्या अंगात. "नागपुरात कॉम्प्युटर दोघायलेच समजते," असं त्या कुणालाही ऐकवत. "एक मी. दुसरा अजून जन्माले यायचा आहे." त्यांच्या खोलीत चप्पल चालत नसे, शिंकायचं झालं तर बाहेर जावं लागे, आणि डॉक्टरांनासुद्धा दार वाजवून यावं लागे. कॉम्प्युटरचा परवलीचा शब्द टाकताना त्या की-बोर्डवर पदर ओढून घेत. आमचा कंपाउंडर दारातून ओरडे, "बाई, पदराआड काय दूध पाजून राहिल्या का मशिनीले?"

"हो गा," बाई मान वर न करता म्हणत. "तुह्यापेक्षा लवकर शहाणा होईन तो."

मी तिथं नाव-नोंदणीच्या कामाला लागले. मी पत्रकांच्या घरात वाढलेली मुलगी; वडील चळवळीतले. आमच्याकडे पत्रकांचे गठ्ठे खाटेखाली असायचे, पिठाच्या डब्यावर असायचे, पाहुणा आला तर त्याला गठ्ठ्यावरच बसवायचे. बाराखडीच्या आधी मी 'बंधूंनो आणि भगिनींनो' वाचायला शिकले. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट छापून चौकात वाटली पाहिजे, अशी माझी पक्की श्रद्धा होती. आणि मला टेबल मिळालं ते अशा बाईंच्या शेजारी, ज्या वेळसुद्धा सांगत नव्हत्या.

आमच्याकडे येणारे पुष्कळ पेशंट गिट्टीच्या खाणींवरचे होते. शहराबाहेर एका ठेकेदाराचे क्रशर होते, दगड भरडणारे. तिथली माणसं दिवसभर पांढऱ्या धुळीत उभी राहत आणि चार-पाच वर्षांत खोकायला लागत. कुणी खोकतो आहे, दवाखान्यात जातो आहे, असं कळलं की ठेकेदार त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवी. आजारी माणूस उद्या भरपाई मागेल, ही त्याची भीती. म्हणून माणसं धाप लागेपर्यंत येतच नसत.

शेवंता आली तो दिवस मला आठवतो. गिट्टी वाहणारी बाई, पन्नाशीची असेल, भुवयांवर धूळ बसलेली. मी नाव विचारलं तर तिनं माझा हातच धरला.

"नाव लिवू नको वं पोरी. ठेकेदाराले माहीत पडलं तर उद्यापासून काम बंद."

मी काही बोलायच्या आत बाई आपल्या खुर्चीवरून उठल्या. त्यांनी शेवंताला आत नेलं, आपल्या खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं. आजार वेगळ्या फ्लॉपीत राहतो, नाव वेगळ्या फ्लॉपीत. आजाराच्या फ्लॉपीत आणि केसपेपरवर नुसता नंबर. मशीन कोणी उचलून नेली तरी त्यात खोकला सापडेल, खोकणारा सापडणार नाही.

"आणि नावाची फ्लॉपी?" शेवंतानं विचारलं. फ्लॉपी म्हणजे काय हे तिला कळलं नव्हतं; पण नेमकं काय विचारायचं ते कळलं होतं.

बाईंनी टेबलावरचा आपला जेवणाचा डबा पुढे ओढला. मोठ्या तोंडाचा स्टीलचा डबा होता तो, अख्खी भाकर न मोडता मावेल असा. वरच्या खणात भाजी. खालच्या खणात भाकर, आणि भाकरीखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, त्या काळ्या चौकोनी फ्लॉप्या. बाईंनी भाकर उचलून दाखवली आणि परत ठेवली.

"इथं. माह्यासोबत येते, माह्यासोबत जाते."

शेवंता हसली. तिला तो बंदोबस्त पटला. खाणीवर तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण पुढे येणारी माणसं खिडकीशी वाकून हळूच विचारू लागली, "ताई, माहं नाव डब्यात राहीन नं?"

हा डबा बाईंनी काही उगाच निवडलेला नव्हता. पण ते मला नंतर कळलं.

माझ्यासारखीच आणखी एक ऑपरेटर होती, सुनंदाताई. पोक्त, महाल भागातल्या जुन्या घरातली सून, नवऱ्याचा उल्लेख 'अहो' असा, नाहीतर 'आमच्या घरचे' असा. आम्हा दोघींना बाईंनी आपापला परवलीचा शब्द ठरवायला सांगितला होता. त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू दवाखान्यातच झालं. बाई कुंकू लावून घेत नसत, पण तिळगूळ आवडीनं खात. त्या कोपऱ्यात तिळगूळ चघळत बसल्या होत्या. सगळ्यांनी आग्रह केल्यावर सुनंदाताई लाजत उभ्या राहिल्या आणि त्यांनी उखाणा घेतला :

"संत्र्याच्या बागेत पाट वाहतो झुळझुळ,
मनोहररावांचं नाव घेते, वाटते तिळगूळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर बाईंनी सुनंदाताईंचं काम उघडून ठेवलेलं. पडद्यावर त्यांनी आदल्या दिवशी भरलेली माहिती.

"अगंबाई! तुम्हाला कसं कळलं?"

"तूच तर सांगितलं काल, सगळ्यायच्या समोर. वरून तिळगूळ बी दिला."

सुनंदाताईंचा चेहरा पडला. "पण बाई, मी ते नाव कधी तोंडानं घेतच नाही! म्हणून तर तेच ठेवलं. म्हटलं, माझ्याजवळ याच्याहून गुप्त काय असणार?"

"तू घेत नाही वं, पण अख्ख्या मोहल्ल्याले माहीत आहे. पोस्टमनले माहीत आहे, किराणेवाल्याले माहीत आहे. आपण बोलत नाही ते गुपित नसते, सुनंदा. दुसऱ्याले सुचत नाही ते गुपित."

मी हसले. फार मोठ्यानं हसले असणार, कारण बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तू काय हसून राहिली? तुहं तर मी त्याच्याही आधी उघडलं. 'संघर्ष'. तुह्या बापानं दवाखान्याच्या भिंतीवर चुन्यानं लिहून ठेवलं आहे, हातभर अक्षरात."

आम्ही दोघींनी त्याच दिवशी शब्द बदलले. आणि त्या दिवसापासून सुनंदाताई बाईंच्या डब्यातली भाजी खायला लागल्या. त्याआधी बाईंनी डबा पुढे केला की त्यांना नेमकं काहीतरी काम आठवायचं. बाई रोज सगळ्यांपुढे डबा धरत. कोण खातो, कोण नाही, हे बोलून दाखवत नसत. पण त्यांच्या डोक्यात त्याची पक्की नोंद असे. लहानपणी वडिलांचं बोट धरून त्या धम्मदीक्षेला गेल्या होत्या, आणि त्यानंतर, त्या म्हणत, "वाकून बोलायची सवय मी त्या मैदानातच टाकून आली."

बाईंशी माझं एकदाच कडाक्याचं भांडण झालं. मला पत्रक काढायचं होतं. त्या क्रशरवर छाती पोखरलेली माणसं कोण, त्यांची नावं, गावं, सगळं छापायचं होतं. नावाशिवाय पत्रकात जीव येत नाही, हे मी घरातच शिकले होते. नोंदलेली सगळी नावं मला पाठ थोडीच होती; मी बाईंकडे सरळ नावांची फ्लॉपी मागितली.

"काहून पाहिजे?"

मी सांगितलं. 'असंच' नव्हतंच माझं कारण. मला वाटलं, आता तरी मिळतील.

"विचारलं त्यायले?"

"विचारायचं काय त्यात? त्यांच्या भल्यासाठीच आहे ना! तिकडे ठेकेदार माणसं मारतो आहे आणि तुम्ही डबा राखत बसल्या आहात."

बाईंनी हातातलं काम थांबवलं. "ठेकेदाराले नावं पाहिजे, त्यायले न विचारता. तुले बी नावं पाहिजे, त्यायले न विचारता. फरक सांग मले."

"फरक हेतूचा आहे!"

"हेतू तुहा. काम त्यायचं जाईन. उद्या शेवंताले घरी बसवलं तर तुहा हेतू शिजवून खाईन का ते?"

मी रागानं बाहेर पडले. घरी जाऊन वडिलांना सांगितलं, म्हटलं, ही बाई प्रतिगामी आहे. वडिलांनी हातातली पत्रकं खाली ठेवली. मग म्हणाले, "माझ्या एका पत्रकातल्या नावावरून एका माणसाची नोकरी गेली होती. त्याला मी विचारलं नव्हतं." एवढं बोलून ते पत्रकं बांधायला लागले. तरी माझा राग गेला नाही. बाईंशी मी कामापुरतंच बोलू लागले. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. डबा त्या माझ्यापुढे रोज धरत होत्याच.

मग एका बुधवारी दुपारी दवाखान्याच्या ट्रस्टचे सेक्रेटरी आले. जुन्या घराण्यातले, इस्त्रीचं धोतर, गोड बोलणं. ठेकेदार ट्रस्टचा देणगीदार होता आणि सेक्रेटरींच्या ऊठबशीतला होता. त्यांच्याबरोबर एक टापटीप तरुण होता. सीताबर्डीवरच्या कुठल्याशा क्लासात कॉम्प्युटर शिकलेला. "मशीन तपासायला मेकॅनिक आणलाय," सेक्रेटरी म्हणाले. डॉक्टर आत पेशंट तपासत होते. बाई डबा टेबलावर ठेवून हात धुवायला गेल्या होत्या.

तो तरुण सुनंदाताईंच्या खुर्चीवर बसला. दोन-चार बटणं दाबली, परवलीचा शब्द मागणारा पडदा पाहिला, आणि मग अगदी घरच्यासारखा हसून म्हणाला, "वहिनी, आमच्या दादांचं नाव काय हो?"

सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरला, लाजल्या, आणि त्याला पूर्ण उखाणा म्हणून दाखवला. संत्र्याची बाग, पाट, झुळझुळ, सगळं. मेकॅनिकनं घाईघाईनं नाव टाकलं. मशीननं नाकारलं. 'राव' लावून टाकलं. नाकारलं.

"स्पेलिंग सांगू का?" सुनंदाताईंनी विचारलं. इतक्या भोळेपणानं, की मला तोंड फिरवावं लागलं.

खिडकीतून बाहेरची चुन्याच्या अक्षरांची भिंत दिसत होती. पोरगा हुशार होता. त्यानं 'संघर्ष'ही टाकून पाहिलं. मग बाईंच्या कामाकडे वळला आणि तिथं अडकला. तेव्हा सेक्रेटरी त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "जय भीम टाकून बघ. यांचं दुसरं काय असणार?"

"ते नाही चालायचं, साहेब."

बाई दारात उभ्या होत्या. ओले हात पदराला पुसत.

"जय भीम मी तोंडानं म्हणते, रस्त्यानं म्हणते, तुमच्या समोर म्हणते. जे उघड्यानं म्हणते ते मी लपवायच्या जागी काहून ठेवू?"

सेक्रेटरी सरळ झाले. आता गोड बोलण्यात अर्थ नव्हता. "बाई, खाणीवरून येणाऱ्या पेशंटांची नावं हवी आहेत."

"काहून पाहिजे?"

"अशीच. रेकॉर्डसाठी."

बाई हसल्या. ते हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "अशीच मागितली तर नाही भेटत."

"दवाखाना ट्रस्टचा आहे. मशीन ट्रस्टचं आहे."

"मशीन घेऊन जा नं. नावं ट्रस्टची नाहीत. ज्याची त्याची आहेत."

मग झडती सुरू झाली. दुसरा शब्द नाही त्याला. कपाटं उघडली, ड्रॉवर टेबलावर उपडे केले, माझी पिशवीसुद्धा पाहिली. आजाराच्या फ्लॉप्या सापडल्या. त्यांना परवलीचा शब्द लागत नसे; मेकॅनिकनं त्या चालवून पाहिल्या तर नुसते नंबर आणि खोकले. टेबल मोकळं करता करता सेक्रेटरींचा हात डब्यापाशी आला, आणि थांबला. वीतभर अंतरावर.

"हे बाजूला घ्या," ते म्हणाले.

बाईंनी डबा बाजूला घेतला नाही. उलट त्यांच्याच पुढे सरकवला. "उघडा नं साहेब. काही राहू नये पाहायचं. वांग्याची भाजी आहे. घ्या थोडी, जेवणाची येळ आहे."

"नको, नको. मला उपास आहे."

"आज बुधवार आहे, साहेब."

"मला बुधवारचा असतो."

मेकॅनिकला मात्र भूक लागली असावी. त्यानं हात पुढे केला. "राहू दे तो!" सेक्रेटरी असे ओरडले, की पोरानं हात मागे घेतला. सुनंदाताई पुढे झाल्या. वरच्या खणातली भाजी त्यांनी बोटानं उचलली, सगळ्यांच्या देखत खाल्ली आणि म्हणाल्या, "आज तिखट जमलंय, बाई." जुन्या घरातली सून ती. सेक्रेटरींनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू सगळी फितुरी तिनंच केली होती.

ते दोघं रिकाम्या हातानं गेले. बाई खाली बसल्या आणि त्यांनी डबा पुन्हा आपल्यापुढे ओढला.

"कुलूप कोणतं बी असो, ते फुटते," त्या म्हणाल्या. "म्हणून म्या असं कुलूप घेतलं जे त्यायच्याच हातात आहे. माह्या बापाच्या हातचं पाणी चाललं नाही ह्यायले. आयुष्यात पहिल्यांदा तो विटाळ माह्या कामी आला."

त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तो माझ्या घरातल्या सगळ्या पत्रकांनी मिळूनही कधी दिला नव्हता.

पुढे कमिटीची बैठक झाली. बाईंना काढायचा ठराव सेक्रेटरींनी आणला. आमचे डॉक्टर पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे. त्यांनी एकच शब्द विचारला : "काहून?" कारण इतिवृत्तात लिहावं लागलं असतं. पेशंटांची नावं परक्याला दिली नाहीत म्हणून, असं लिहायची कुणाची तयारी होईना. ठराव तसाच पडला.

डब्याची गोष्ट खाणीवर पोचायला वेळ लागला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात शेवंता औषधाला आली. खिडकीशी वाकली नाही, सरळ आत आली, आणि सगळी रांग ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "काढ वं बाई माहं नाव डब्यातून. आणि हे पोरगी छापते म्हणे, तिले दे."

"काहून?" बाईंनी विचारलं. सवयीनंच.

"आतापर्यंत वाटे, नाव निघालं का मेली. साहेब झडती घेऊन गेला, तरी नाही निघालं. मंग म्हटलं, माह्या हातानं काढून पाहावं. मी काढलं तर माहंच राहीन नं ते?"

त्यानंतर मी एकेकाला विचारू लागले. काही हो म्हणाले, काही नाही. शेवंताचा दीर म्हणाला, "ताई, माह्या पोरीचं लग्न जमून राहिलं. दम्याचं नाव निघालं तर मोडन." अशी कारणं मी कुठल्याच पत्रकात वाचली नव्हती. नाही म्हणणाऱ्यांशी मी वाद घातला नाही. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं, हे माझ्या घरचेच सांगतील.

पत्रकानं काय केलं ते सांगून टाकते. ठेकेदारानं शेवंताला काढलं, तर बाकीची माणसं क्रशर बंद करून खाली बसली, आणि तिला परत घ्यावं लागलं. दगडावर पाणी मारायची सोय झाली, धूळ थोडी बसली. शेवंताचा खोकला काही बरा झाला नाही. भरपाईच्या दाव्याला तारखा पडत राहिल्या. पण त्या खाणीवर खोकला लपवायची पद्धत मोडली, ती मोडलीच.

मला सांगायचं आहे ते पत्रक छापून आलं त्या दुपारचं. छापखान्यातल्या कंपोझिटरनं मला दोनदा विचारलं होतं, "ताई, मधल्या ओळी रिकाम्या आहेत. नावं राहिली का?" मी म्हटलं, "राहिली नाहीत. तशाच ठेवा." जी माणसं नको म्हणाली होती, त्यांच्या ओळी मी रिकाम्या सोडल्या होत्या. शेवंताच्या नावाखाली एक. आणखी खाली काही.

बाईंनी पत्रक टेबलावर पसरलं. एकेका नावावर बोट ठेवून विचारत गेल्या, "हा हो म्हणाला? हे हो म्हणाली? त्याच्या बायकोले माहीत आहे?" मी हो, हो म्हणत गेले. मग बोट पहिल्या रिकाम्या ओळीवर येऊन थांबलं. ते नाव त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांच्याच डब्यात होतं ते. तरी त्यांनी मान वर करून विचारलं,

"हे कोण?"

"काहून पाहिजे, बाई?"

बाईंनी त्या ओळीवरचं बोट उचललं. मग त्यांनी डबा ओढला, खालचा खण उघडला, भाकर मोडली आणि मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. खण उघडाच होता. मी त्यात पाहिलं नाही. भाकर खाल्ली.